टेकडीवरचा कवळा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे टेकडी आहे. बरीचशी कुंपणाबाहेर, जंगलखात्याची. पण खालचा एक उतार कुंपणाच्या आत आला आहे. दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा असेल. बिल्डरला तिथे काही बांधता आलं नाही म्हणून तो तसाच राहिला. गणपतीच्या सुमारास या उतारावर पिवळी फुलं येतात. गुडघ्याच्या खालीच राहणारी झुडपं, चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पानं, आणि पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके. वरच्या पाकळीला मधे खाच असते, त्यामुळे फूल दोन कान उभे करून बसल्यासारखं दिसतं. आमच्याकडची मुलं त्याला कानवालं फूल म्हणतात. पाऊस सरला की सगळं वाळून जातं आणि पुढच्या पावसाळ्यात बीपासून नव्याने उगवतं.

दर वर्षी मी त्या फुलांचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो. खाली काहीतरी लिहायचो, निसर्गाची किमया वगैरे. दहाबारा अंगठे यायचे. मला बरं वाटायचं. शहरात राहून आपण झाडाफुलांकडे बघतो, असं मला स्वतःबद्दल वाटत होतं.

त्याच उतारावरचा पाला तोडून विकणारी एक बाई गेल्या पावसाळ्यात वारली. ती कशाने वारली हे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलेलं नाही. पण तिने त्या दिवशी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं होतं. पोलिसांना दिलेल्या जबाबात मी ते लिहिलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. टेकडीच्या पलीकडच्या पाड्यावर राहायची. पन्नाशीची असेल, म्हणजे माझ्याच वयाची, पण मी तिला मावशी म्हणत होतो आणि तिच्याशी अरेतुरेनं बोलत होतो, ती मला भाऊ म्हणायची आणि अहोजाहो करायची. यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही. पावसाळ्यात ती सकाळी आमच्या गेटबाहेर पोतं पसरून बसायची. टाकळा, शेवळं, कवळा, कधी कुर्डू. माझी बायको तिची जुनी गिऱ्हाईक. दोघींची रोजची जुगलबंदी चालायची.

"मावशी, जुडी दिवसेंदिवस बारीक होत चाललीये गं."

"तुमी जाड होत चाललाव ताई, म्हणून जुडी बारीक दिसते."

बायको घरी येऊन हे हसत सांगायची आणि दोन जुड्या जास्त आणलेल्या असायच्या.

मावशी भाजी कुठून आणते हे मी कधी विचारलं नव्हतं. रानातून आणते, एवढं माहीत होतं. मागच्या भिंतीला एका जागी भगदाड आहे. तिथून ती विळा घेऊन आत येताना मी दोनचार वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं, सरपण नाहीतर बकरीसाठी पाला नेत असेल. एकदा मी फुलांचे फोटो काढत असताना ती तिथूनच चालली होती. थांबून म्हणाली, "आता कशाला काढताव भाऊ? आता काय उपेग नाय त्याचा." मी म्हटलं, "मावशी, उपयोग नसला तरी बघायला छान आहे ना." ती हसली आणि गेली. अडाणी बाई, तिला फुलाचं काय, असं माझ्या मनात आलं होतं. हेही लिहून टाकतो.

आमचं मूळ गाव रायगडातलं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला एका दुकानात मापाडी झाले. चाळीतल्या खोलीत आई पावसाळ्यात कवळ्याची भाजी करायची. भिजवलेली चणाडाळ, हिरवी मिरची, भरपूर कांदा, वरून ओलं खोबरं. म्हणजे कवळा मी लहानपणापासून खातो आहे. पण बाजारातून आलेली कवळ्याची जुडी तुम्ही पाहिली असेल तर माझी चूक कशी झाली ते कळेल. ही पानं हात लागला की मिटतात, लाजाळूसारखी. तोडली की मिटतात ती मिटतातच. जुडीत नुसत्या हिरव्या काड्या दिसतात, पान कसलं आहे ते कळत नाही. मी कवळ्याला ताटात ओळखत होतो आणि कानवाल्या फुलाला टेकडीवर ओळखत होतो. दोन्ही एकच आहेत हे मला बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बाकी कोणी तयार नव्हतं म्हणून झालो होतो. जूनच्या शेवटी पार्किंगमध्ये साप निघाला. नानेटी होती, बिनविषारी, पण ग्रुपवर चोवीस तास दुसरा विषय नव्हता. मागचं रान साफ करा, लहान मुलं आहेत, कमिटी झोपली आहे का. मी बागेचं काम करणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. तो उतार बघून म्हणाला, "कापलं तर पंधरा दिवसांत परत येईल सर. औषध मारून टाकू. सीझनभर बघायला नको."

"मार," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "इथे कोणी काही तोडायला येतं का? गुरंबिरं चरतात?"

"नाही रे. रान आहे नुसतं."

भगदाड मला माहीत होतं. विळा घेऊन येणारी मावशी माहीत होती. पण हो म्हटलं असतं तर त्याने बोर्ड लावा, दोन दिवस माणूस उभा करा, असं काहीतरी काढलं असतं, आणि मला ते काम त्याच आठवड्यात संपवायचं होतं.

औषध हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात बघा. गावाकडे औषध मारलं म्हटलं की लोक समजतात, विष आहे, हात लावायचा नाही. औषध पिऊन गेला म्हटलं तर दुसरा अर्थच नाही. पण इथे मुंबईत औषध मारलं म्हणजे डासांचं. पालिकेचा माणूस धूर सोडत येतो, पोरं त्या धुरात धावतात, आपण खिडक्या लावतो आणि अर्ध्या तासाने उघडतो. एकच शब्द. माझ्या कामी तो असा आला.

गुरुवारी सकाळी ठेकेदाराची माणसं पाठीवर पंप घेऊन आली आणि सातच्या आत काम उरकून गेली. पावसाची उघडीप होती. मी साडेआठला ऑफिसला निघालो. गेटपाशी मावशी उभी होती, अजून पोतं पसरलं नव्हतं. टोपलीत ताज्या जुड्या होत्या. पायरीवर वॉचमन उभा होता, उत्तर प्रदेशातला, आमच्याकडे सहा वर्षं होता. दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, मला बघून थांबलं.

मावशी म्हणाली, "भाऊ, पाला वला हाय. वास येतोय. औषिद मारलंय काय?"

"हो, मारलंय."

"कसलं?"

मी मोबाइलवर रिक्षा बघत होतो. तणनाशक म्हटलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, का मारलं, कोणी मारलं, माझ्या पोटावर पाय का देता. वॉचमनसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी म्हटलं, "डासांचं आहे गं. काही होत नाही. धुऊन घे."

"डासांचं ना?" तिने पुन्हा विचारलं.

"हो, डासांचं."

ती पोतं पसरायला लागली. मी रिक्षात बसलो.

इथे एक गोष्ट माझ्या बाजूची सांगता येते आणि ती मी पुष्कळदा स्वतःला सांगितली आहे. त्या क्षणी तिच्या टोपलीतली भाजी आमच्याच उतारावरची आहे हे मला पक्कं कळलं नव्हतं. पाला ओला आहे, वास येतो आहे, हे ती मला सांगत होती. कळायला एवढं पुरेसं होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून कवळा निवडत होती. काड्यांमधून कोवळे शेंडे खुडत होती. मी समोर चहा घेऊन बसलो.

"कुठून आणते गं ही?" मी विचारलं.

"कुठून काय, आपल्या मागून. सकाळी सकाळी तोडते म्हणून तर ताजी असते." मग माझ्याकडे बघून हसली. "अरे, ही तुझीच झाडं की. तू फोटो काढतोस ना दर गणपतीत? त्यांचा हा पाला. फुलं आली की भाजी जून होते, मग कोण खात नाही."

आता काय उपेग नाय त्याचा. मावशी मला ते सांगत होती.

मी उठलो, वर्तमानपत्र चारही कोपऱ्यांनी उचललं, निवडलेली आणि न निवडलेली सगळी भाजी गुंडाळली आणि खाली जाऊन कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली. वर येऊन साबणाने हात धुतले. बायकोला म्हटलं, तूही धू.

"काय झालं?"

"वास येतोय भाजीला. सडलीये."

"सकाळची भाजी सडेल कशी? डोकं फिरलं का तुझं?"

"मी सांगतो ना, धू."

तिने धुतले. नंतर म्हणाली, "शेजारच्या काकूंनीपण दोन जुड्या घेतल्यात. त्यांना सांगू का वास येत होता म्हणून?"

मी म्हटलं, "राहू दे, उगाच घाबरतील."

हे माझं दुसरं उत्तर. माझं घर मी वाचवलं आणि दार लावून घेतलं. शेजारच्या काकूंनी भाजी तीनदा धुऊन, उकळून, पाणी फेकून केली आणि त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांना हसताना पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. बघ, काही होत नाही, असं मी मनात म्हटलं. मावशीकडे न विकलेल्या जुड्या उरत असतील, आणि उरलेली भाजी ती फेकत नसेल, घरी नेऊन खात असेल, हा विचार मी येऊ दिला नाही. पाड्यावर जायला आमच्या गेटपासून वीस मिनिटं लागतात. तेव्हा गेलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उतार करपला होता. कुंपणाच्या आतला तुकडा तपकिरी आणि भिंतीपलीकडे हिरवंगार, सुरीने कापल्यासारखं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ग्रेट जॉब कमिटी.

शुक्रवारी मावशी आली नाही. शनिवारी, रविवारी नाही. सोमवारी तिच्या मुलीचा बायकोला फोन आला. मुलगी पंचविशीची, दहावी झालेली, एका मॉलमध्ये साफसफाईच्या कामाला. आईची भाजीची ऑर्डर तिच्याच फोनवर द्यावी लागे म्हणून बायकोकडे तिचा नंबर होता आणि तिच्याकडे हिचा. तिने सांगितलं, आईच्या तोंडात फोड आलेत, जीभ सुजलीये, पाणी गिळता येत नाही, उलट्या होतायत, लघवी कमी झालीये. हातांवरही फोड. आईला सरकारी रुग्णालयात ठेवलंय.

"डॉक्टर विचारतायत काय खाल्लं," बायको फोन ठेवून मला म्हणाली. "मावशीला बोलता येत नाहीये. एवढंच म्हणाली म्हणे, सोसायटीत डासांचं औषध मारलं होतं."

मी म्हटलं, "अच्छा."

मंगळवारी आम्ही शहाळं घेऊन बघायला गेलो. मावशी पलंगावर कुशीवर झोपली होती. ओठ काळे पडले होते. तिने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, बायकोचा हात धरला. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. मुलगी म्हणाली, "बोलू नको आई, त्रास होतो." मावशीने डोळे मिटले. मला सुटल्यासारखं वाटलं. मरणाच्या वाटेवरच्या बाईला बोलता येत नाही याचं मला बरं वाटलं.

पलंगाच्या पायथ्याशी केसपेपर लटकवला होता. सगळं इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. पण एक ओळ मला वाचता आली. डासांच्या फवारणीशी संपर्क आल्याची माहिती, आणि पुढे प्रश्नचिन्ह. माझं गेटवरचं उत्तर तिथे लिहिलेलं होतं. ते मावशीच्या तोंडून मुलीकडे आलं होतं, मुलीकडून डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर त्यावरून विचार करत होते.

तरुण डॉक्टर दहा पावलांवर टेबलाशी उभा होता. मला फक्त जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. बायको शेजारी होती, मुलगी शेजारी होती. मी मनात म्हटलं, औषधाचं नाव नक्की माहीत करून घेऊन मग सांगू. नुसतं तणनाशक म्हणून काय उपयोग. हे शहाणपणाचं वाटावं असं कारण होतं, म्हणून ते मला लगेच सापडलं.

बुधवारी ठेकेदाराला फोन केला. तो बाहेरगावी होता. डब्याचा फोटो त्याने रात्रभर पाठवला नाही, गुरुवारी सकाळी पाठवला. मी एकटा रुग्णालयात गेलो आणि डॉक्टरला बाजूला बोलावून फोटो दाखवला. त्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून वाचला.

"हे मारलं होतं? डासांचं नाही?"

"नाही."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"ओळखीचा. सोसायटीतला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पंचविसेक वर्षांचा मुलगा, झोप न झालेला. "काका, आज गुरुवार आहे," एवढंच तो म्हणाला आणि फोनवरच्या फोटोचा त्याने फोटो काढला.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी कळलं असतं तर...?"

"पाल्यावरून पोटात किती गेलं असेल, त्यानेच झालं का, हे मला सांगता येणार नाही. पण जे काही करायचं असतं ते पहिल्या दिवसात करायचं असतं." तो वॉर्डात निघून गेला.

मावशी रविवारी दुपारी गेली. शेवटचे दोन दिवस श्वास लागला होता. किडनी आणि फुप्फुसं, असं मुलीने फोनवर सांगितलं. बायकोने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तू त्या दिवशी भाजी फेकलीस." तिने आवाज चढवला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं कामापुरतं होतं. गॅस सांग, लाइटबिल भर, डबा घेतलास का.

पोलीस आले. मी लेखी जबाब दिला. फवारणी कमिटीच्या सांगण्यावरून झाली, ठेकेदार अमुक, औषध तमुक, सूचनाफलक लावायचा राहून गेला. सगळं खरं. गेटवरचं संभाषण त्यात नव्हतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दहाव्याच्या आधी मुलगी सोसायटीत आली. कंपाउंडमध्ये कमिटीतले आम्ही चौघं उभे होतो. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "आईला डासांचं औषध आहे असं कोणी सांगितलं? ती स्वतःहून असं म्हणणार नाही. तिला कोणीतरी सांगितलंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग तिने माझ्याकडे बघितलं, कारण रुग्णालयात मी आलो होतो, तिच्या लेखी मी त्यातल्या त्यात जवळचा होतो. "काका, आईने तुम्हाला विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कोणी सांगितलं?"

"वॉचमनने सांगितलं असेल. तोच गेटवर असतो."

असेल हा शब्द मी वापरला होता. माझ्याकडे पळवाटेला नेहमी एक शब्द असतो. वॉचमन दहा फुटांवर उभा होता. मुलगी त्याच्या अंगावर धावून गेली. ती त्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही, तिला ते आता आठवून त्रास होतो. तो मागे सरकत गेला, भिंतीला टेकला. "साहब, आप बोलो ना," तो माझ्याकडे बघून म्हणाला. दोनदा म्हणाला. मी मोबाइल काढून बघत राहिलो. अध्यक्षांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी एजन्सीने त्याला आमच्याकडून हलवलं. सहा वर्षं त्याने आमच्या गाड्या, आमची कुरिअरं, आमच्या म्हाताऱ्यांचे हात सांभाळले होते. निरोपाला मी खाली उतरलो नाही.

गणपती आले. उतार बोडका होता, चिखल आणि करपलेली खोडं. भिंतीपलीकडे मात्र टेकडीभर फुलं आली. मी फोटो काढला नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, यंदा फोटो नाही का सेक्रेटरीसाहेब? मी ग्रुप सोडला. मग सेक्रेटरीपदही सोडलं. लोकांना वाटलं, प्रकरणाचा मनस्ताप झाला बिचाऱ्याला. ते सहानुभूतीने बोलायचे आणि मी ती सहानुभूती घेत होतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी मी पाड्यावर गेलो. बायकोला सांगून गेलो. ती म्हणाली, "जा." पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कवळा फुललेला होता. मुलगी दारात भांडी घासत होती. मला बघून तिने हात धुतले, घोंगडी अंथरली, बसा म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. गेटवर तिच्या आईने काय विचारलं, मी काय म्हटलं, दोनदा म्हटलं. संध्याकाळी मी घरातली भाजी फेकली हेही सांगितलं. वॉचमन काही बोलला नव्हता, बोललो मी होतो, हे सांगितलं.

मला वाटलं होतं ती ओरडेल, पाड्यावरची माणसं गोळा करेल. त्याची मी तयारी करून गेलो होतो. एका परीने मला तेच हवं होतं.

ती म्हणाली, "तो वॉचमन कुठे आहे?"

"त्याला दुसरीकडे पाठवलं. माहीत नाही कुठे."

"मी त्याच्या आईवरून बोलले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही उभे होतात तिथे."

"हो."

"तुमचं तुम्ही केलंत काका. मला कशाला त्यात घेतलंत?" मग म्हणाली, "त्याला शोधा. मला त्याच्यासमोर जायचंय. तुम्हीपण यायचं."

एजन्सीत चार फेऱ्या मारल्या तेव्हा पत्ता मिळाला. दिंडोशीला एका टॉवरचं बांधकाम चाललं होतं, तिथे त्याला दिवसपाळी होती. मुलीची सुट्टी बुधवारी असते. मी रजा काढली. रिक्षाने गेलो. सगळा रस्ताभर ती बाहेर बघत होती. एकदाच बोलली, "भाडं मी अर्धं देणार."

वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये बसला होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला, घाबरला. मुलीने हात जोडले. "भैया, मुझे माफ करो. तुमने नहीं बोला था. इनने बोला था."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. म्हटलं, "हां. मैंने बोला था."

तो सावकाश खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग तो मुलीशी बोलायला लागला, माझ्याशी नाही.

"मैंने तो मना किया था तेरी माँ को," तो म्हणाला. "सुबह वो लोग पंप मार रहे थे, मैंने पूछा था उनसे, वो बोले जहर है, घास जलाने का. तेरी माँ टोकरी लेके आई तो मैंने बोला, मौसी, फेंक दे, जहर है. वो मानी नहीं. बोली, तू क्या जानता है, रुक, मैं साहब को पूछती हूँ. उतने में साहब आ गए."

काँक्रीट मिक्सरचा आवाज चालू होता. मुलीने त्याला पुन्हा विचारलं, जणू ऐकू आलं नव्हतं. त्याने तेच पुन्हा सांगितलं, शब्दही तेच. त्या सकाळी मावशीने मला विचारलं तेव्हा तिला खरं आधीच कळलेलं होतं. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं होतं ते हे बोलणं. तिने डासांचं ना, असं दुसऱ्यांदा का विचारलं हे मला तिथे त्या पत्र्याच्या केबिनसमोर कळलं. एका वॉचमनचं ऐकायचं की साहेबाचं, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

"आईने तुमचं ऐकलं," मुलगी म्हणाली.

वॉचमनने आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यासाठी ठेवली. बाटलीतलं पाणी दिलं. ती बसली आणि पाणी प्यायली. तो तिला घरी कोण कोण आहे ते विचारत होता, ती सांगत होती. मी बाहेर उन्हात उभा होतो. मला जा असं कोणी म्हणालं नाही आणि बस असंही कोणी म्हणालं नाही.